बोरदरीला कोण गेलं?

"डोंगरात गेलीस की फोन पिशवीत ठेव. काही वेगळं दिसलं तर आधी तोंडानं विचार. मग काय फोटो काढायचे ते काढ."

हे मला धम्मशीलाताईंनी परभणीच्या बसस्थानकावर सांगितलं होतं. मी "हो ताई, हो" म्हणाले आणि विसरले. माझ्या लेकीनं, ज्ञानेश्वरीनं, नुकताच बिस्किटाचा लगदा माझ्या ओढणीला पुसला होता, तिकडं माझं लक्ष. शिवाय मनात असंही आलं, की पंधरा वर्षं गावोगाव सर्वेक्षण करून ताईंना उपदेशाची सवय लागली आहे. मी गृहविज्ञानात एमएससी झालेली, डोळे उघडे ठेवून वागणारी बाई. मला फसवायचं म्हटलं तर समोरच्याला जरा मेहनत घ्यावी लागेल, असा माझा समज होता.

मी हे लिहिते आहे ते एका म्हातारीसाठी. तिचं नाव कस्तुराबाई राठोड. गंगाखेडच्या वर डोंगरात बोरदरी नावाचा बंजारा तांडा आहे, तिथं ती सध्या एकटी आहे. म्हणजे असावी. ती बरी आहे का, हे गेल्या बारा दिवसांत मला कोणीही स्वतःच्या डोळ्यांनी बघून सांगितलेलं नाही.

गेल्या महिन्यात मला एका संस्थेचं तीन महिन्यांचं काम मिळालं. दिवाळी झाली की तांडेच्या तांडे ऊसतोडीला जातात. मागे कोण राहतं, काय खातं, आजारी पडलं तर कोण बघतं, याची माहिती भरून आणायची. काम आवडीचं होतं. अडचण एकच, ज्ञानेश्वरी. पंधरा महिन्यांची आहे, अजून अंगावर पिते, आणि सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. शिवशंकर, म्हणजे माझा नवरा, म्हणाला, "घेऊन जा की. तिथं काय लेकरं नसतात का?" त्याला सगळंच सोपं वाटतं. मी पिशवीत थर्मामीटर, उकळलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या, डासांचं मलम आणि तीन टोप्या भरल्या. तीन कशाला, ते मलाही सांगता येणार नाही.

मोहदरी हे डोंगराच्या पायथ्याचं गाव. गंगाखेडहून येणारी एसटी तिथंच वळते, पुढं रस्ता नाही. थांब्यासमोर पंडितचं किराणा दुकान आहे. त्याच्या ओट्यावर आमचा वाटाड्या बसला होता, बजरंग राठोड. बोरदरीचाच माणूस, संस्थेनंच ठरवून दिलेला. चाळिशीचा, काटक. डोकं गुळगुळीत काढलेलं, त्यावर नुकते खुंट आलेले. मला वाटलं, तिरुपतीला जाऊन आला असेल. कमरेला चाव्यांचा मोठा जुडगा आणि प्रत्येक चावीला वेगळ्या रंगाचा दोरा. इतक्या चाव्या एका माणसाकडं मी फक्त शाळेच्या शिपायाजवळ पाहिल्या होत्या.

त्यानं रामराम घातला. माझं नाव विचारलं नाही. ज्ञानेश्वरीकडं बघून म्हणाला, "लेकराचं वजन किती हाय?"

"का?"

"उगं इचारलं."

मी सांगितलं नाही. त्यानं पुन्हा तिच्याकडं पाहिलं, बाजारात बोकड बघतात तसं, डोळ्यांनीच उचलून. मग ओट्यावरचं अर्धं भरलेलं पोतं ओढत दुकानात नेलं. "ऱ्हाऊ दे हे इथंच. उद्या नेतो."

पंडित हसला. "का रे, आज मॅडम आल्या म्हून हमाली बंद व्हय?"

बजरंग वाटेला लागला. पोत्यात काय आहे हे मी विचारलं नाही. मनात मात्र टिपून ठेवलं, की माझ्यासमोर ते पोतं न्यायचं त्यानं टाळलं.

"किती लांब आहे?" मी विचारलं.

"दोन बिड्यांची वाट."

"किलोमीटरमध्ये सांगा ना."

"म्या बिडीच वढत न्हाई ताई, मला काय म्हाईत." आपल्याच बोलण्यावर तो खूश झाला. मी हसले नाही.

चढ लागला. मी मुद्दाम दहा पावलं मागं चालत होते. त्याचे हात मला दिसत राहिले पाहिजेत, एवढंच डोक्यात. तीन दिवसांपूर्वी सासूबाईंच्या मोबाईलवर लेकरं पळवणाऱ्या टोळीचा व्हिडिओ आला होता. तो खोटा आहे हे मीच त्यांना अर्धा तास बसून समजावलं होतं. पण कडेवर लेकरू आणि आजूबाजूला नुसती पळसाची झाडं असली, की दुसऱ्याला समजावलेलं आपल्या फारसं कामाला येत नाही.

"द्या इकडं लेकरू. दमलाव तुमी."

"नको."

थोड्या वेळानं पुन्हा, "ताई, आमच्या लोकायच्या पाठीवर लेकरं वाढत्येत. पडत न्हाईत."

"मी नको म्हटलं ना."

"बरं बरं. ऱ्हायलं."

तिसऱ्यांदा त्यानं नुसते हात पुढं केले आणि माझं तोंड बघून मागं घेतले.

एका खिंडीत तो थांबला, तोंडाभोवती हात धरून एक लांबलचक हाळी दिली आणि कान देऊन उभा राहिला. पलीकडून बारीक आवाजात उत्तर आलं.

"कोणाला कळवलं?"

"आलो म्हून सांगितलं."

"आपण येतोय हे आधी कशाला सांगायचं?"

"बाई माणूस एकटं हाय वर. एकदम दारात जाऊन उभं ऱ्हायलं तर भेदरंल की वो."

उत्तर बरोबर होतं. पण ज्याच्याकडं बरोबर उत्तर तयार असतं त्याची मला जास्त धास्ती वाटते.

बोरदरी म्हणजे चौदा घरं. दगडाच्या भिंती, वर पत्रे. चौदापैकी तेरा घरांना कुलूप. बाजा उभ्या करून भिंतीला टेकवलेल्या, उखळात पाचोळा, चुलींवर टोपल्या पालथ्या घातलेल्या. सेवालाल महाराजांच्या छोट्या देवळावर पांढरा झेंडा तेवढा हलत होता. आमच्या पावलांचा आवाज पत्र्यांवरून परत येत होता. शेवटच्या घरातून एक म्हातारी बाहेर आली. आरशांची जुनी काचोळी, घेरदार फेट्या म्हणजे घागरा, दंडावर पांढऱ्या बांगड्या. तिनं बजरंगला बघितलं, दोन पावलं पुढं आली, दोन्ही हात त्याच्या गळ्यात टाकले आणि हंबरडा फोडला.

तसं रडणं मी आधी ऐकलं नव्हतं. आवाज वर चढायचा, मधे काही शब्द यायचे, श्वास तुटायचा, पुन्हा तीच चाल. बजरंग वाकून उभा होता. त्याची पाठ माझ्याकडं, चेहरा दिसत नव्हता. खांदे हलत होते. तो तिला काही बोलत होता का? धमकावत होता? ज्ञानेश्वरी घाबरून माझ्या गळ्याला चिकटली. मी पळसाच्या आडोशाला सरकले आणि फोन काढला.

चाळीस सेकंद घेतले. मग कोणी नळ बंद करावा तसं ते रडणं थांबलं. म्हातारीनं डोळे पुसले, माझ्याकडं बघून बोळक्यानं हसली आणि खाली बसायची खूण करत म्हणाली, "बेस, बाई, बेस."

इतकं रडलेलं माणूस एका मिनिटात हसतं, तेव्हा ते भीतीनं हसतं. मी तसंच धरून चालले.

मी फॉर्म काढला. तिला मराठी बेताचं येत होतं, त्यामुळे प्रत्येक प्रश्नानंतर ती आधी बजरंगकडं बघायची.

"किराणा कोण आणून देतं?"

"बजरंग."

"औषधं?"

"बजरंग."

"मुलगा-सून कधी परत येणार?"

"बजरंगला ठावं."

चार रकान्यांत मी एकच नाव लिहिलं. शेवटी विचारलं, "सगळे गेले तर तुम्ही का थांबलात?"

याचं उत्तर तिनं त्याच्याकडं न बघता दिलं. "देवाला दिवा कोन लावल? समदेच गेले तर मंग तांडा कोनाचा?"

मग बजरंगनं थैलीतून गोळ्यांचं पाकीट काढलं. एकेक गोळी फोडून तिच्या ओढणीच्या काठात ठेवायची, गाठ मारायची, पुढं सरकायचं. ओठ हलत होते. आठ गाठी मारल्या.

"हे काय करताय?"

"गोळ्या हायेत. बीपीच्या. रोज येक गाठ सोडायची."

"पाकीटच देऊन टाका ना."

"पाकीट दिलं की काकी येक तर समद्या खाती, न्हाईतर येक बी न्हाई. गाठी कशा, दिसत्यात. किती ऱ्हायल्या ते मला बी कळतंय."

"दाखवा बघू पाकीट."

त्यानं ते थैलीत टाकलं. "तुमी डाक्टर हाव का?" आणि हसला.

भानामतीवर माझा विश्वास नाही. पण गाठी मारून, ओठ हलवून, एकट्या म्हाताऱ्या बायांना ताब्यात ठेवणारी माणसं असतात यावर आहे. त्या हसण्यानं माझं मत पक्कं झालं. तेवढ्यात तो उठला, उजवीकडच्या तिसऱ्या घराचं कुलूप काढून आत गेला, दार लोटून घेतलं. बाहेर आला तेव्हा हातात पितळी हंडा. तो त्यानं म्हातारीच्या घरामागं नेऊन ठेवला. हेही मी फोनमध्ये घेतलं. लोकांची बंद घरं, याच्याकडं सगळ्यांच्या चाव्या, आणि विचारणारं कोणी नाही.

म्हातारीनं आमच्यासाठी भाकरी केली. आतून डबा खरवडल्याचा आवाज बराच वेळ येत होता. एक भाकरी, वर गुळाचा खडा. मी ती खाल्ली नाही. बाहेरचं खाऊन ज्ञानेश्वरीचं पोट बिघडलं तर, म्हणून तिलाही दिली नाही. "वाटेत खाते" म्हणून कागदात बांधून घेतली आणि मोहदरीच्या थांब्यावर कुत्र्यापुढं टाकली.

घरी पोचले तेव्हा दिवे लागले होते. बाटल्या उकळायला ठेवल्या आणि दोन्ही व्हिडिओ 'आपली मोहदरी' या गटावर टाकले. सर्वेक्षणासाठी मला त्या गटात घेतलेलं होतं, दोनशे बारा माणसं. खाली लिहिलं, "बोरदरी तांड्यावर एकट्या वृद्ध महिलेला हा माणूस त्रास देत असल्याचा दाट संशय आहे. बंद घरांची कुलपं उघडून वस्तू काढतो. गावातील जागरूक तरुणांनी लक्ष द्यावे." 'दाट संशय' हे शब्द मी विचार करून निवडले होते. आपण आरोप करत नाही आहोत, असं मला वाटत होतं.

सकाळी उठून पाहिलं तर अंगठ्यांची रांग. 'शाब्बास ताई.' 'अशा शिकलेल्या भगिनींची गरज आहे.' दुपारी एक फोटो आला. पंडितच्या दुकानाच्या ओट्याखाली मातीत बजरंग उकिडवा बसलाय, मान खाली. भोवती आठ-दहा पोरं, एकाच्या हातात चाव्यांचा जुडगा. खाली लिहिलेलं, 'चोर सापडला.'

तो फोटो आणि माझे दोन्ही व्हिडिओ मी धम्मशीलाताईंना पाठवले. कौतुकासाठीच पाठवले, खोटं कशाला बोलू. दोन मिनिटांत त्यांचा फोन.

"हे तू केलंस?"

"हो ताई. नशीब माझं लक्ष गेलं."

"त्याच्या डोक्यावर केस का नाहीत ते विचारलंस?"

"तिरुपतीला..."

"बाप वारला त्याचा. महिना झाला. तेव्हापासून तो वर गेला नव्हता, मधले आठवडे त्याची बायको जात होती. मयतानंतर पहिली भेट झाली की त्यांच्यातल्या बाया गळ्यात पडून असं चालीवर रडतात. मेलेल्याचं नाव घेऊन. ते झाल्याशिवाय बोलायला सुरुवातच होत नाही. रीत आहे ती, बाई."

मी म्हणाले, "आणि ते कुलूप? ते कोणाचं घर होतं?"

"ते मला काय माहीत? विचार ना त्यालाच. विचारायची सवय तुलाच लावून घ्यायची आहे."

त्याचा नंबर बंद होता. त्याच्या बायकोचा, धुरपदाबाईचा, नंबर मिळवायला मला तीन दिवस लागले. लागला तेव्हा मागं ट्रॅक्टरचा आवाज आणि कोयत्यांचे घाव.

"मी सर्वेवाली ताई बोलतेय."

"वळखलं."

"बजरंगभाऊ आहेत का?"

"हायेत. बोलत न्हाईत."

"कुठं आहात तुम्ही?"

"सांगलीकडं. तोडीला. यंदा जायचं नव्हतं, लेकीच्या साळंसाठी खाली मोहदरीत ऱ्हायलो होतो. आता ती बी आलीय आमच्यासंगं."

मी माफी मागायला लागले. तिनं ऐकून घेतलं. मग मी ते कुलपाचं विचारलं.

"आमच्या घराचं व्हतं ते. आमचंच घर. काकीच्या हंड्याला भोक पडलंय म्हून आमचा हंडा काढून दिला. आपल्या घरचं कुलूप काढायला बी आता कागद लागतोय का, ताई?"

"आणि पोत्यात काय होतं? दुकानात ठेवलेल्या?"

"पीठ. मीठ-मिरची. काकीचं. आठ दिसाला नेतोत आमी. त्या दिशी न्यायचं व्हतं, पर तुमचं लेकरू लहान. चढात तुमी दमलाव तर लेकरू घ्यावं लागल, दोन वजनं कशी न्यावी? म्हून पोतं खाली ठेवलं. वजन इचारलं म्हनं त्येनं तुमाला. तुमी सांगितलं न्हाई."

ज्ञानेश्वरीचं वजन साडेआठ किलो आहे. हे मी त्या फोनवर, कोणी विचारलेलं नसताना, सांगून टाकलं.

"मग दुसऱ्या दिवशी पोतं गेलं?"

"दुसऱ्या दिशी तर पोरायनी धरलं की. चाव्या घेतल्या, गोळ्यांची थैली घेतली. पुना वर पाय ठिवलास तर ठाण्यात नेऊ म्हनले. संध्याकाळी टोळीचा ट्रक निघायलाच व्हता. बसलाव. पंडितला सांगून आलाव, काकीला पीठ पोचीव म्हून. हो म्हनला त्यो."

"पोचलं का?"

"ते तुमी सांगा की. तुमी जवळ हाव."

वाट कशी आहे हे मला तेव्हा विचारायचं सुचलं नाही. मला वाटलं, मी जाऊन आलेली आहे, मला ठाऊक आहे. त्यानंतर तो नंबर लागलेला नाही.

पंडितला फोन केला. "व्हय व्हय ताई, पोचलं पीठ. काळजीच करू नका."

"कोणी नेलं?"

"आदिनाथला धाडलं व्हतं."

आदिनाथ म्हणाला, "मी न्हाई गेलो, मला ऊस भरायचा व्हता. सटवाजीला सांगितलं. त्यो शेरडं घेऊन तिकडंच जातो." सटवाजी म्हणाला, पीठ? कसलं पीठ? तो खालच्या अंगाला चारतो, वर वाघरं हायेत. "म्हातारी दिसली का कधी?" "धूर दिसला असंल." "असंल म्हणजे? दिसला का?" "ताई, मी काय धूर मोजायला जातो का?"

पुन्हा पंडितला फोन केला. तो या वेळी वैतागला. "पोचलं असंल की वो. कोनी ना कोनी नेलंच असंल. पोतं तर दुकानात दिसत न्हाई."

पोतं दुकानात दिसत नाही. मग ते कोणाच्या घरात आहे?

ठाण्यात फोन केला. त्यांनी नाव, वय, तांडा सगळं नीट लिहून घेतलं. तासाभरानं उलट फोन आला, "मॅडम, खात्री केली, बाई सुखरूप आहे." कोणाकडून खात्री केली, असं विचारलं. मोहदरीच्या एका दुकानदाराकडून.

गटावर मी व्हिडिओ काढून टाकले आणि सगळं खरं लिहिलं, माझी चूक कशी झाली तेही. सात जणांनी वाचलं. एकानं उत्तर दिलं, 'आधी चोर म्हणता, आता देव म्हणता, तुमचं नक्की काय ते ठरवा.' बजरंगची गोळ्यांची थैली कोणाकडं आहे असं विचारलं, त्यावर कोणीच बोललं नाही.

रविवारी शिवशंकर गाडी घेऊन गेला. मोहदरीत कोणी सोबत यायला तयार नव्हतं. या भानगडीत आता कोणाला पडायचं नाही. तो एकटाच चढला. अर्ध्या तासावर सिमेंटची जुनी टाकी आहे, तिथून त्यानं फोन केला.

"इथं तीन वाटा आहेत. कोणती?"

मला सांगता आलं नाही. मी वाट पाहिलीच नव्हती. दोन तास मी एका माणसाच्या पाठीकडं आणि हातांकडं बघत चालले होते.

त्यानं मधली धरली. एका तांड्यावर पोचला, सगळ्या दारांना कुलपं. हाका मारल्या. कोणी ओ दिली नाही. फोटो पाठवले. मी ते मोठे करकरून पाहिले. देऊळ दिसत नव्हतं, झेंडा दिसत नव्हता. बोरदरी नसावी ती. पण झेंडा वाऱ्यानं पडलाही असेल. मी माझे व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावून जुळवायचा प्रयत्न केला, पण त्यात फक्त दोन माणसं आणि एक दार आहे, फोनच्या काठापर्यंत. मागचं काही मी घेतलंच नव्हतं. ऊन उतरायला लागलं तसा तो परत आला.

दुसऱ्या दिवशी ज्ञानेश्वरीला ताप भरला. आज चौथा दिवस, आम्ही परभणीत दवाखान्यात आहोत. निमोनिया. तिच्या नाकाला नळी लावलेली आहे आणि ती झोपली की मी हे मोबाईलवर लिहिते. शिवशंकर औषधांसाठी, रिपोर्टसाठी वरखाली करतोय. डॉक्टर म्हणाले, दोन दिवसांत उतार पडेल. तेही मी तीन वेळा विचारून घेतलं, वेगवेगळ्या माणसांना.

हिशेब सोपा आहे, आणि तो रोज माझ्या डोक्यात चालतो. त्या दिवशी आठ गोळ्या होत्या. डबा तर माझ्या कानांदेखत खरवडला गेला. आज बारावा दिवस. मुलगा आणि सून कुठल्या फडात आहेत हे बजरंगला माहीत आहे, आणि बजरंग बोलत नाही. धम्मशीलाताई धाराशिवकडं आहेत, आठ दिवसांनी येणार. "मी आले की जाऊ," म्हणतात. आठ दिवसांनी म्हणजे विसावा दिवस.

ज्यांना ज्यांना फोन केला ते सगळे म्हणतात, आहे की बरी. एकानंही असं म्हटलेलं नाही, की मी जाऊन आलो.

म्हणून तुम्हाला सांगते आहे. गंगाखेडच्या वरच्या त्या डोंगरात तुमच्यापैकी कोणाचं जाणं-येणं असेल, शेरडं चारायला, लाकडाला, पाहुण्यांकडं, कशालाही, तर मोहदरीवरून वर चढा. टाकीपाशी मधली वाट सोडा, तिथं देऊळ दिसलं नाही. उरलेल्या दोनपैकी कोणती हे मला माहीत नाही, दोन्ही बघाव्या लागतील. चौदा घरांचा तांडा. पंडितच्या दुकानात खात्री करत बसू नका, मला फोन करून विचारू नका, मला काहीच ठाऊक नाही. सोबत थोडं पीठ न्या. नाव कस्तुराबाई राठोड. ती पडून असेल तर हाकेला उत्तर येणार नाही, तेव्हा बाहेरूनच परत फिरू नका. एकाच घराला कुलूप नसेल. ते दार ढकला, आत जा, आणि ती कशी आहे ते स्वतः बघा.